पिवळ्या फॉर्मवरचा समुद्र

शेवटची पार्टी शिवणवालीच्या घरी ठेवायची की आपल्याच पुढच्या खोलीत, एवढाच प्रश्न होता. सूनबाईने ती आपल्या पुढच्या खोलीत ठेवली. शिवणवालीच्या घरी फक्त शिवणाचं मशीन अडचण करून बसतं. इथे पुढच्या खोलीत तिचे सासरे, अण्णा, बसतात, हे तिने हिशेबात धरलं नाही. (तिची पदवी संख्याशास्त्राची आहे. तुम्ही हे लक्षात ठेवा. ती पुढे विसरणार आहे.)

सूनबाई डबे विकायची. घट्ट झाकणाचे, रंगीत, एकात एक बसणारे. हे डबे दुकानात मिळत नाहीत. कुणाच्या तरी घरी दहा-पंधरा बायका जमवायच्या, चहा-बिस्किटं द्यायची, डब्यात रंगीत पाणी भरून तो सगळ्यांच्या डोक्यावर उलटा धरायचा, आणि थेंबही पडला नाही की सगळ्यांनी "अय्या" म्हणायचं. त्या "अय्या"वर शंभराला पंचवीस कमिशन. शिवाय प्रत्येक ऑर्डरीमागे गुण. ज्या यजमानीणबाईंच्या घरी पार्टी, त्यांना कंपनीकडून भेट.

कमिशनची तिला फारशी पर्वा नव्हती. तिला गुण हवे होते. या हंगामात चारशे गुण करणाऱ्या विक्रेतीला समुद्रकाठच्या हॉटेलात दोघांसाठी दोन रात्री मोफत मिळणार होत्या. कॅटलॉगच्या चौदाव्या पानावर त्या खोलीचा फोटो होता. पांढरा पडदा, उघडी खिडकी, खिडकीत समुद्र आणि टेबलावर दोन कप. सूनबाईने तो फोटो कापून सगळ्यात मोठ्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता. भांडी घासून झाली की ती झाकण उघडायची, बघायची आणि परत लावायची. डबा रिकामाच असायचा.

समुद्र तिने पाहिला नव्हता असं नाही. कॉलेजच्या सहलीत पाहिला होता, चाळीस मुली आणि शिट्टी वाजवणाऱ्या एक बाई यांच्यासोबत. तिला समुद्राचं एवढं नव्हतंच. त्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, दार अर्धं दिसत होतं. आणि दाराला आतून कडी होती.

तिचं लग्न होऊन चौदा महिने झाले होते. नवरा आठ तासांच्या अंतरावर एका पुलाच्या कामावर. दर तिसऱ्या रविवारी यायचा. आला की अण्णा त्याला पंखा दाखवायचे, पंखा झाला की नळ, नळ झाला की स्वतःचा गुडघा. उरलेल्या वेळात नवराबायको आपल्या खोलीत बसायची. खोली म्हणजे पुढच्या खोलीचाच मागचा तुकडा. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, आणि ते छतापर्यंत पोचलेलं नव्हतं. छतापर्यंत नेलं असतं तर हवा खेळली नसती, असं अण्णांचं म्हणणं. हवा खेळायची. बाकी कुणाला खेळता येत नव्हतं.

एकदा दुपारी तिने अगदी हळू आवाजात नवऱ्याला विचारलं होतं, "तिकडे माझी आठवण येते का रे?"

पार्टिशनपलीकडून उत्तर आलं, "येते, येते! गेल्या खेपेला तर नीट जेवलासुद्धा नाही."

त्यानंतर ती दोघं कागदावर लिहून बोलत. पण अण्णांना घरातला प्रत्येक कागद वाचायची सवय होती.

राहिला फोन. नेटवर्क फक्त जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला यायचं. रोज संध्याकाळी साडेसातला सूनबाई साखरेच्या डब्याला टेकवून फोन उभा करायची, नवऱ्याचा चेहरा यायचा, ती म्हणायची, "बोल," आणि पडद्याच्या कडेने अण्णांचं अर्धं कपाळ आत यायचं.

"टाकी भरली हो. मोटर मी बंद केली. काळजी करू नकोस."

गच्चीवरची टाकी भरायला बावीस मिनिटं लागत. तेविसाव्या मिनिटाला ती वाहू लागे. या घरात बावीस मिनिटं मोजण्याची अक्कल फक्त आपल्याला आहे, असा अण्णांचा ठाम समज होता. (संख्याशास्त्राची पदवी असलेली सून घरात असताना!) आठ तासांच्या अंतरावरचा मुलगा पुलाखाली उभा राहून रोज टाकीची खबर ऐकायचा आणि म्हणायचा, "बरं झालं, अण्णा."

तर, हंगाम संपायला तीन दिवस उरले होते आणि सूनबाईचे तीनशे अठ्ठावन्न गुण झाले होते. बेचाळीस कमी. अकरा गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी तिने मुद्दाम अडवून ठेवल्या होत्या, सगळं शेवटच्या दिवशी एकदम टाकून धडाका उडवायचा म्हणून. त्यांचे वीस. बाकीचे या पार्टीत सहज निघाले असते.

"आई, यजमानीण म्हणून तुमचं नाव घालते," ती सासूबाईंना म्हणाली होती.

"घाल की," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव शेवटचं कशावर घातलं गेलं होतं ते त्यांनाही आठवेना. बहुतेक रेशनकार्डावर.

पार्टीला सतरा बायका आल्या. शिवणवाली, इन्शुरन्सवाल्या वहिनी, नर्सबाई, आणि सासूबाईंच्या ओळखीच्या अशा काही की ज्यांनी जन्मात एक डबा टाकून दिला नव्हता. सूनबाईने पाणी भरलं, डबा उलटा धरला, थेंब पडला नाही, "अय्या" झालं. सगळं कसं झकास चाललं होतं. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा भिंग घेऊन कॅटलॉगचं मलपृष्ठ वाचत होते.

जगात कॅटलॉगचं मलपृष्ठ कोण वाचतं? अण्णा वाचतात. औषधाच्या बाटलीबरोबरची घडी, बसच्या तिकिटाची मागची बाजू, सगळं वाचतात. मलपृष्ठावर लिहिलं होतं की कोणत्याही सेवाभावी कामासाठी मदत-पार्टी करता येईल, विक्रीतले शंभराला चाळीस त्या कामाला जातील, पिवळा फॉर्म भरावा.

अण्णा उभे राहिले. ते ज्येष्ठ मंडळाचे चिटणीस होते, आणि वाचनालयाच्या पायऱ्यांना रॅम्प व्हावा म्हणून सहा वर्षं अर्ज लिहीत होते. अर्जांची फाइल डब्यापेक्षा जाड झाली होती.

"भगिनींनो," ते म्हणाले. (उभे राहिले की त्यांना समोर सभाच दिसायची.) "आजची सगळी विक्री रॅम्पसाठी!"

सतरा माना सूनबाईकडे वळल्या.

सूनबाईने मनात झरझर हिशेब केला. चाळीस टक्के रॅम्पला गेले की आपलं कमिशन पंचविसावरून पाचावर येणार, एवढं तिला माहीत होतं. जाऊ दे कमिशन, आपल्याला गुण हवेत. उलट चांगल्या कामासाठी म्हटल्यावर बायका सढळ हाताने घेतील. ती विचार करतेय तोवर अण्णा भगिनींना हळूच (म्हणजे रस्त्यावर ऐकू जाईल इतकं) म्हणाले, "सूनबाईला जरा जड जाईल. हल्लीची पिढी. आपलं आपलं बघायची सवय."

झालं. तिच्या कानशिलाला आग लागली.

"जड कशाला जाईल अण्णा?" ती म्हणाली. "आजचीच काय, माझ्याकडे थांबलेल्या अकरा ऑर्डरीसुद्धा रॅम्पला घाला! आणा ते पिवळे फॉर्म!"

टाळ्या पडल्या. सासूबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तिने उकळत्या तेलात हात घातलाय. पुढे खोलीत जे झालं त्याला खरेदी म्हणत नाहीत, झुंबड म्हणतात. एरवी एक डबा घ्यायला तीन पार्ट्या लावणाऱ्या शिवणवालीने सहाचा संच घेतला. नर्सबाईंची आई वाचनालयाच्या त्याच पायऱ्यांवर पडली होती. त्यांनी आपल्या वॉर्डाच्या नावाने दोन संच लिहवले. इन्शुरन्सवाल्या वहिनी म्हणाल्या, "मला डबे नकोच आहेत, पण रॅम्पसाठी पाच द्या. झाकणं वेगवेगळ्या रंगांची."

सूनबाई सही करायला फॉर्मच्या तळाशी आली. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. तिने ती वाचली. मग अण्णांचं भिंग मागून घेतलं आणि परत वाचली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि टेबलाच्या त्या टोकाला उभी राहून एरियाबाईंना फोन लावला. एरियाबाई म्हणजे या भागातल्या सगळ्या विक्रेतींच्या वरच्या बाई.

"मॅडम, मदत-पार्टीचे गुण किती धरतात?"

"धरत नाहीत गं."

"म्हणजे अर्धे?"

"म्हणजे शून्य. सेवा आहे ना ती. सेवेला गुण कसे देणार?"

"पण मॅडम, माल तर तोच आहे! डबे तेच, झाकणं तीच, ते उलटे धरून माझा हात मोडला तोही हाच!"

"मन किती मोठं आहे तुझं," एरियाबाई म्हणाल्या. "सगळ्यांना सांगते मी. किती गुणांचा माल झाला?"

सूनबाईने आकडा सांगितला.

"अगं बाई," एरियाबाई म्हणाल्या. "नेहमीच्या पांढऱ्या फॉर्मवर असता तर तू समुद्रावर जाऊन परत आली असतीस."

ती पुढच्या खोलीत परतली तेव्हा तिच्या डोक्यात एकच विचार होता. विक्री थांबवायची. काहीही करून थांबवायची, म्हणजे निदान चार बायका उरतील, त्यांना उद्या परवा पांढऱ्या फॉर्मवर पकडता येईल.

"बायकांनो, घाई करू नका हं," ती म्हणाली. "नीट विचार करा. घरात डबे आहेतच ना सगळ्यांकडे?"

"बघा, कशी कळकळीने बोलते," एक आजी म्हणाल्या. "विकायचा हव्यास नाही. माझे आणखी दोन लिही."

"आणि झाकणं काही इतकी घट्ट नसतात. हे बघा!" तिने डबा भरला, झाकण नुसतं वर ठेवलं, आणि डबा उलटा केला.

लाल पाणी सरळ अण्णांच्या डोक्यावर गेलं. भिंगावरून, मिशीवरून, चिटणीसपदाच्या पांढऱ्या सदऱ्यावरून खाली.

सगळी खोली हसली. अण्णांनी पाणी पुसलं आणि ते धन्य होऊन म्हणाले, "पाहिलंत? मालातला दोषसुद्धा लपवला नाही. असा प्रामाणिकपणा दुकानात मिळेल? माझा स्वतःचा एक संच लिही, सूनबाई!"

अण्णांनी डबा विकत घेतला! ज्यांच्या हातून एक पैसा गेला तर तोही दोनदा वळून बघायचा, त्या अण्णांनी! मग काय, मागे बसलेल्यांनी पण हात वर केले.

फॉर्म फाडून टाकता आला असता. तसं तिच्या मनात आलंही. पेन हातात धरून ती पायऱ्यांचा विचार करत राहिली. वाचनालयाला पाच पायऱ्या आहेत. अण्णा त्या सरळ चढत नाहीत, खेकड्यासारखे बाजूने चढतात, आणि कुणी बघतंय असं वाटलं की थांबून चपलेत खडा गेल्याचं नाटक करतात. तिने दोनदा लांबून पाहिलं होतं. हाक मारली नव्हती.

तिने सही केली. मग आत जाऊन मोठा डबा उघडला, झाकणातली खिडकी पाहिली आणि डबा फळीवर सगळ्यात मागे सारला.

साडेसातला नवऱ्याला म्हणाली, "नाही जमलं रे."

"किती कमी पडले?"

"फार नाही. सगळेच."

त्याच्या मागे पुलाचे लोखंडी गज उभे होते. तो काहीतरी बोलणार तेवढ्यात अर्धं कपाळ आत आलं. कपाळ अजून थोडं गुलाबी होतं. "टाकी भरली हो."

तीन आठवड्यांनी कंपनीचं पाकीट आलं. ते सूनबाईच्या नावाने नव्हतं. विभागातली सगळ्यात मोठी मदत-पार्टी भरवल्याबद्दल यजमानीणबाईंना भेट : समुद्रकाठच्या हॉटेलात दोघांसाठी दोन रात्री. चौदावं पान.

सूनबाई ते पत्र हातात घेऊन ओट्यापाशी उभी राहिली. सासूबाई आल्या, फळीवर हात घालून मागचा मोठा डबा काढला, झाकण उघडलं आणि फोटो पत्राशेजारी धरला.

"हीच ना गं खोली?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"या घरात डबे धुतं कोण? चार महिने तो फोटो न भिजवता झाकण धुतेय मी." त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. "तुम्ही दोघं जा. ह्यांना मी सांगते काहीतरी."

सूनबाईने "हो" म्हणायला तोंड उघडलं. तो "हो" चौदा महिन्यांचा होता, ओठांवर तयार बसला होता.

सासूबाई झाकण पुसत होत्या. ते कोरडंच होतं. पुसता पुसता, खाली बघत, त्या म्हणाल्या, "त्या दाराला आतून कडी आहे ना? दिसतेय खरी."

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिलं. पार्टिशन छत्तीस वर्षांपूर्वीचं आहे, हे तिला माहीत होतं. तेव्हा पलीकडे अण्णांचे वडील बसायचे, हेही माहीत होतं. या दोन गोष्टी तिने कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. (संख्याशास्त्र!)

"आई, तुम्हीच जा," ती पटकन म्हणाली. पटकन यासाठी की हळू म्हणता आलं नसतं.

"वेडी का तू?"

"तुमचं नाव आहे ना वर. जा म्हणते तर!"

सासूबाईंनी पत्राची घडी केली, उलगडली, परत केली. त्या दिवशी त्यांनी चहात दोनदा साखर घातली.

सूनबाई अगदीच संत होती अशातला भाग नाही. रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिच्या लक्षात आलं होतं की ती दोघं दोन रात्री तिकडे, म्हणजे हे घर दोन रात्री रिकामं. पुढच्या दाराला आतून कडी आहेच की! एक सोडून दोन! तिने नवऱ्याला मेसेज केला. त्याने साहेबाच्या हातापाया पडून शनिवार-रविवारला जोडून रजा काढली. मग पंधरा दिवस ती घरात गुणगुणत वावरली. दोन नवे कप आणले. पार्टिशनला लावायला पांढऱ्या पडद्याचं कापडसुद्धा शिवणवालीकडे टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी अण्णा जेवताना म्हणाले, "बॅगांचा प्रश्न सुटला."

"कसला प्रश्न?" सासूबाईंनी विचारलं.

"उचलणार कोण? माझा गुडघा असा. आणि समुद्र म्हणजे पाणी. पाणी म्हणजे निसरडं. पोराने रजा काढलीच आहे म्हणे, त्याला परस्पर तिकडेच यायला सांगितलं. हॉटेलवाल्यांना विचारलं मी. त्याच खोलीत तिसरी खाट टाकून देतात, फुकट."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"आणि सूनबाई?"

"चौथी खाट मावत नाही. शिवाय शनिवारी तिच्या डब्यांची गाडी येतेय ना, सही करून माल कोण उतरवून घेणार? आणि टाकीकडे कुणीतरी बघायला हवं." अण्णांनी मोठ्या मनाने सुनेकडे पाहिलं. "बावीस मिनिटं. जमेल तुला."

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या वेळी कुणी फोटो काढला असता तर कोण सासू आणि कोण सून, ओळखू आलं नसतं.

शनिवारी माल आला. बावन्न खोकी. पुढची खोली भरली, पार्टिशनमागची भरली, दोन नवे कप कुठल्याशा खोक्यामागे गेले. सूनबाईने सगळं मोजून घेतलं, सही केली, मोटर लावली आणि एका खोक्यावर बसून फोन साखरेच्या डब्याला टेकवला. साडेसातला पडदा उजळला.

"एकटा आहेस?"

"आई-अण्णा खाली चहा प्यायला गेलेत. थांब, तुला दाखवतो." नवऱ्याने फोन फिरवला. पांढरा पडदा. खिडकी. खिडकीत निळा-काळा होत चाललेला समुद्र. डाव्या कोपऱ्यात दार, दाराला कडी. आणि बरोबर मधोमध, तिसरी खाट.

"तू इथे हवी होतीस," तो म्हणाला. पंधरा महिन्यांत पहिल्यांदा त्याने हे मोठ्याने म्हटलं. मध्ये पार्टिशन नव्हतं, कपाळ नव्हतं.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "नुसता आवाज ऐकू दे."

तिने डोळे मिटले. आणि खरंच, आवाज आला. आधी दूर, मग जवळ, एकसारखा कोसळणारा, मोठा. ती ऐकत राहिली. दहा मिनिटं असेल, पंधरा असेल. त्यानेही फोन हलवला नाही. आपण दोघंच आहोत, खिडकी उघडी आहे, दाराला कडी आहे, असं तिला वाटलं, आणि इतकं वाटलं की पायाच्या बोटांना गार पाणीसुद्धा लागलं.

"किती जवळ आहे रे," ती पुटपुटली.

"कोण?"

"समुद्र. केवढा गाजतोय."

"इथे?" नवरा म्हणाला. "अगं, खिडकी बंद आहे. काचेची आहे ती. इथे काहीच ऐकू येत नाहीये."

सूनबाईने डोळे उघडले. पडद्याच्या कडेने अर्धं कपाळ आत येत होतं.

"सूनबाई," कपाळाने विचारलं, "मोटर कितीला लावली होतीस?"